हातातला जीपीएस लॅपटॉपला कसा जोडायचा? शिवारातले पॉइंट नकाशावर आणण्याची सविस्तर माहिती

ग्रामीण वार्ताहर, अहिल्यानगर

पाणलोट समितीच्या कपाटात, संस्थेच्या कार्यकर्त्याच्या पिशवीत किंवा वनहक्क समितीच्या दप्तरात एक छोटं यंत्र बऱ्याचदा सापडतं. हातात मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं, वर छोटासा पडदा. हेच हातातलं जीपीएस. शिवारात फिरून पॉइंट घ्यायला बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती पुढं. यंत्रातले पॉइंट लॅपटॉपवर कसे आणायचे, नकाशावर कसे बसवायचे आणि बसलेले पॉइंट खरे आहेत का हे कसं ओळखायचं, हे सांगणारं कुणी भेटत नाही. मग यंत्र तसंच कपाटात पडून राहतं.

माझीही अशीच फजिती झालेली आहे. गावातल्या बंधाऱ्यांची यादी करताना केबल जोडता येईना म्हणून मी पडद्यावरचे आकडे वहीत लिहून घेतले आणि घरी येऊन लॅपटॉपवर टाईप केले. यंत्रावर अक्षांश होता १९ अंश ०५.५०० मिनिटं. मी टाईप केलं १९.०५५००. नकाशा उघडला तर बंधारा चार किलोमीटर दक्षिणेला, दुसऱ्याच गावाच्या शिवारात. बरं झालं, यादी पुढं पाठवण्याआधी एका जाणत्या माणसानं पाहिली. कागदावर चुकीचा आकडा निदान संशयास्पद वाटतो. नकाशावर तोच आकडा लाल टिकली होऊन बसला की सगळ्यांना खरा वाटतो. म्हणून ही सगळी माहिती एका जागी देत आहे.

यंत्र कुठं कामाला येतं?

आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा. १४ तालुके, एकीकडं अकोल्याचा सह्याद्री आणि दुसरीकडं पाथर्डी-जामखेडचं माळरान. पाणलोटाच्या कामात जिल्ह्याचं नाव जुनं आहे. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार आणि पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी सगळ्यांना माहीत आहे. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे वॉटर संस्थेच्या पाणलोट कामामुळं ओळखलं जातं. अशा कामात कुठला चर कुठं खोदला, कुठल्या ओढ्यावर किती बांध झाले, कुठल्या विहिरीचं पाणी किती वाढलं, याची जागेसह नोंद लागते. रोजगार हमीच्या कामांचं २०१६ पासून इस्रोच्या भुवन नकाशावर जिओटॅगिंग होतं. ई-पीक पाहणी ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली, त्यातही शेतात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. म्हणजे अक्षांश-रेखांश आता शेतकऱ्याच्या दारात आलेले आहेत.

मग मोबाईल असताना वेगळं यंत्र कशाला? एक तर ते नेटवर्कवर अवलंबून नसतं. दुसरं, सेल बदलले की पुन्हा चालू. ईट्रेक्स १०, २०, ३० या मॉडेलना कंपनी दोन सेलवर २५ तास सांगते. तिसरं, कडक उन्हात पडदा दिसतो आणि ओल्या हातानं बटण दाबता येतं. ज्यांच्याकडं यंत्र नाही त्यांनी मोबाईलवरच्या ट्रॅकिंग अ‍ॅपमधून जीपीएक्स फाईल काढली तरी खालची बरीचशी माहिती त्यांनाही लागू पडेल.

कुठं कामाला येत नाही, तेही आधीच सांगतो. दोन ठिकाणी या यंत्रावर विसंबू नका. एक म्हणजे बांधाची हद्द. त्याबद्दल पुढं सविस्तर आहे. दुसरं म्हणजे उंची. हातातल्या जीपीएसची उंची ही आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकते, कधी कधी दहा मीटर आणि त्याहून जास्त. त्यामुळं समपातळी चराची आखणी या यंत्रावरून करायची नाही. त्यासाठी वॉटर कपच्या काळात गावोगाव माहीत झालेला हायड्रोमार्कर, ए-फ्रेम किंवा डंपी लेव्हलच पाहिजे. चर खोदून झाल्यावर त्याची जागा आणि लांबी नोंदवायला मात्र जीपीएस उत्तम.

जागा कळते कशी?

अमेरिकेचे जीपीएस उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. यंत्र त्यांचे सिग्नल ऐकतं, सिग्नल पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतं आणि त्यावरून आपली जागा ठरवतं. त्यासाठी एका वेळी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. सामान्य लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये अमेरिका पूर्वी मुद्दाम चूक मिसळत होती, त्यामुळं जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. ती चूक मे २००० मध्ये बंद झाली. आता मोकळ्या माळावर साधं यंत्र तीन ते पाच मीटरपर्यंत जागा दाखवतं.

पण आकाश मोकळं पाहिजे. अकोल्यात साम्रदच्या सांदण दरीसारख्या अरुंद जागेत किंवा कड्याच्या पायथ्याला सिग्नल कड्यावर आपटून येतो आणि पॉइंट उड्या मारतो. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव पट्ट्यात उभ्या उसात शिरलात आणि त्यात पाऊस पडून गेलेला असला, तरी सिग्नल अशक्त होतो. अशा वेळी उसाच्या कडेला, मोकळ्या जागी पॉइंट घ्यावा आणि तशी नोंद वहीत करावी.

शेतात जाण्याआधी या पाच सेटिंग पाहा

निम्म्या अडचणी केबल जोडताना येतात असं वाटतं, पण त्या सुरू झालेल्या असतात सेटिंगमध्ये.

१) डेटम. यंत्रात ‘डब्ल्यूजीएस ८४’ असलं पाहिजे. गुगल अर्थ आणि आजचं बहुतेक नकाशा सॉफ्टवेअर याच मापावर चालतं. सर्वे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट एव्हरेस्ट नावाच्या वेगळ्या मापावर आहेत. कुणी टोपोशीटसाठी यंत्राची सेटिंग बदलून ठेवली असेल, तर तुम्ही वहीत उतरवलेले आकडे नकाशावर थेट शेजारच्या शेतात जाऊन बसतील.

२) आकड्याची पद्धत. अक्षांश-रेखांश तीन तऱ्हेनं लिहितात. नुसते अंश आणि दशांश, जसं १९.०९१६७. अंश आणि मिनिटांचे दशांश, जसं १९ अंश ०५.५००. अंश, मिनिटं आणि सेकंद, जसं १९ अंश ०५ मिनिटं ३० सेकंद. ही तिन्ही एकच जागा आहे. नवीन यंत्रात बऱ्याचदा दुसरी पद्धत लावलेली येते, आणि माझी फजिती त्यातूनच झाली. लॅपटॉपसाठी पहिली पद्धत सोपी. सेटिंगमध्ये पोझिशन फॉरमॅट शोधून ती लावून ठेवा. दशांशाचे पाच आकडे लिहा. पाचवा आकडा साधारण एक मीटरचा असतो, त्यापुढचे आकडे या यंत्रात नुसती शोभा.

३) गगन. यंत्रात ‘वास’ नावाचा पर्याय असतो. तो चालू ठेवला की इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या ‘गगन’ सेवेची दुरुस्ती मिळू शकते.

४) वेळ. पडद्यावर भारतीय वेळ दिसते, पण जीपीएक्स फाईलमध्ये वेळ जागतिक प्रमाणानुसार साठते. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असते. सकाळी १०.३० ला घेतलेला पॉइंट फाईलमध्ये पहाटे ५.०० चा दिसेल. नुकसानीच्या पंचनाम्याला जोडताना हा फरक कागदावर स्पष्ट लिहा, नाहीतर पहाटे पाचला शेतात काय करत होता, असा प्रश्न येतो.

५) मेमरी. जुने ट्रॅक आधी लॅपटॉपवर काढून घ्या. मेमरी भरली की जुन्या ट्रॅकवर नवीन ट्रॅक लिहिला जाऊ शकतो.

पॉइंट घेताना

चालू केल्याबरोबर पॉइंट घेऊ नका. यंत्र मोकळ्यात ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा. पडद्यावर अचूकतेचा आकडा दिसतो, तो स्थिर झाला की मग घ्या. महत्त्वाचा पॉइंट असेल, जसं विहीर किंवा बांधाचं टोक, तर अ‍ॅव्हरेजिंगचा पर्याय वापरा. चांगल्या निकालासाठी कंपनी चार ते आठ वेळा नमुने घ्यायला आणि दोन नमुन्यांत किमान ९० मिनिटं सोडायला सांगते. रोज एवढं शक्य नाही, पण सकाळी एकदा आणि दुपारी एकदा घेतलं तरी फरक पडतो.

यंत्रात मराठी टाईप होत नाही. म्हणून विहिरीला, बांधाला, शेततळ्याला एकेक इंग्रजी अक्षर ठरवा आणि पुढं ०१, ०२ असा नंबर द्या. वहीत त्याच नंबरापुढं गट नंबर, ओढ्याचं गावातलं नाव, पाण्याची खोली आणि तारीख लिहा. यंत्र फक्त जागा सांगतं. ती जागा कशाची आहे ते तुमची वहीच सांगणार.

केबल जोडण्याआधी यंत्राची पिढी ओळखा

आपल्याकडं बहुतेक यंत्रं गार्मिन कंपनीची दिसतात. त्यांच्या तीन पिढ्या आहेत आणि तिन्हींची जोडणी वेगळी आहे.

पहिली पिढी: गोल पिनवाली. जुनं पिवळं ईट्रेक्स किंवा जीपीएस ७२. याची केबल नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला जाते आणि आजच्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो. त्यामुळं यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर लागतो. कन्व्हर्टर लावल्यावर त्याचा ड्रायव्हर टाका, मग विंडोजमध्ये डिव्हाईस मॅनेजर उघडा. ‘पोर्ट्स’ खाली त्याला कॉम ३, कॉम ५ असा नंबर मिळालेला दिसेल, तो लिहून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये हाच नंबर द्यायचा असतो. यंत्राच्या इंटरफेस सेटिंगमध्ये पॉइंट उतरवायचे असतील तर ‘गार्मिन’ निवडा. चालू जागा लॅपटॉपवर हलताना पाहायची असेल तर ‘एनएमईए’ निवडा, त्याचा वेग ४८०० ठेवा.

दुसरी पिढी: छोट्या यूएसबीची, पण ड्राइव्ह न दाखवणारी. जीपीएसमॅप ६० किंवा ७६ सीएसएक्स, ईट्रेक्स व्हिस्टा एच वगैरे. केबल लावली तरी पेनड्राइव्हसारखं काही उघडत नाही. इथं गार्मिनचा यूएसबी ड्रायव्हर आधी टाकावा लागतो. त्यानंतर गार्मिनचं बेसकॅम्प किंवा फुकट मिळणारं जीपीएसबेबल वापरून पॉइंट उतरवता येतात. जीपीएसबेबलमध्ये इनपुटला डिव्हाईस आणि गार्मिन निवडा, पोर्टला यूएसबी निवडा, आउटपुटला फाईल आणि जीपीएक्स निवडा. बस्स.

तिसरी पिढी: पेनड्राइव्हसारखी उघडणारी. ईट्रेक्स १०, २०, ३०, जीपीएसमॅप ६२, ६४, ७८ आणि त्यानंतरची बहुतेक. हे सगळ्यात सोपं. केबल लावली की लॅपटॉपवर गार्मिन नावाचा ड्राइव्ह येतो. त्यात गार्मिन फोल्डर, त्याच्या आत जीपीएक्स फोल्डर. वेपॉइंट्स नावाच्या, पुढं तारीख असलेल्या फाईली म्हणजे तुमचे पॉइंट. करंट फोल्डरमधली फाईल म्हणजे चालू ट्रॅक. सगळं जीपीएक्स फोल्डरच कॉपी करून लॅपटॉपवर घ्या. कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. झाल्यावर ‘सेफली रिमूव्ह’ करून मगच केबल ओढा.

जोडणी होत नसेल तर

लॅपटॉप यंत्राला ओळखतच नाही? आधी केबल बदला. बाजारात बऱ्याच स्वस्त केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाची तारच नसते. पडद्यावर लाईट लागते, त्यामुळं जोडलं गेलं असं वाटतं. मी यात एक अख्खा दिवस घालवला आणि शेवटी कॅमेऱ्याच्या जुन्या केबलनं दोन मिनिटांत काम झालं.

डिव्हाईस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’ दिसतं? कन्व्हर्टरमधली चिप बनावट किंवा फार जुनी असण्याची शक्यता जास्त. ड्रायव्हर बदलून पाहा, नाहीतर चांगला कन्व्हर्टर घ्या.

कॉम नंबर १० च्या पुढं गेलाय? जुनी सॉफ्टवेअर तो वाचत नाहीत. पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन नंबर कमी करा.

तिसऱ्या पिढीचं यंत्र ड्राइव्ह दाखवत नाही? यंत्राच्या सिस्टीम सेटिंगमध्ये इंटरफेस पाहा. तिथं ‘स्पॅनर’ लागलेलं असेल तर यंत्र केबल लावल्यावर मास स्टोरेजमध्ये जायचं का, असं विचारतं. हो म्हणा. चालू जागा लॅपटॉपला पाठवायची असेल तेव्हाच नाही म्हणा.

यंत्र मध्येच बंद पडतं? सेल उतरलेले असतात. फाईली उतरवताना नवे सेल घाला.

गुगल अर्थ प्रोमध्ये पॉइंट पाहणं

गुगल अर्थ प्रो २०१५ पासून फुकट आहे. त्याआधी त्याला वर्षाला ३९९ डॉलर लागायचे. जीपीएक्स फाईल हातात असेल तर फाईल मेनूतून ओपन करा आणि फाईलच्या प्रकारात जीपीएस निवडा. जुनं यंत्र थेट जोडलं असेल तर टूल्स मेनूत जीपीएस म्हणून पर्याय आहे. तिथं गार्मिन निवडा, वेपॉइंट आणि ट्रॅकवर खूण करा आणि इम्पोर्ट दाबा.

पॉइंट दिसले की लगेच खूश होऊ नका. आधी ओळखीची जागा शोधा. मंदिराचा कळस, विहिरीचं काठोकाठ गोल तोंड, पाझर तलावाच्या भिंतीचं टोक. अशा एका जागेचा पॉइंट मुद्दाम घेऊन ठेवावा. तो फोटोवर बरोबर बसला तर बाकीच्यांवर विश्वास ठेवता येतो. सगळे पॉइंट एकाच दिशेला थोडे सरकलेले दिसले तर लक्षात ठेवा, उपग्रहाचा फोटोही काही मीटर सरकलेला असू शकतो. फोटो म्हणजे देवाची रेघ नाही.

एक साधी चाळणी सांगतो. आपल्या जिल्ह्यातला कुठलाही पॉइंट अक्षांश १८ ते २० आणि रेखांश ७३.५ ते ७५.७ यांच्या बाहेर जाता कामा नये. बाहेर गेला तर चूक आहे. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन्ही आकड्यांची अदलाबदल. नगर शहर साधारण १९.०९ अक्षांश आणि ७४.७४ रेखांशावर आहे. हे उलटं टाकलं तर पॉइंट नॉर्वेच्या उत्तरेला, थंडगार समुद्रात बेअर बेटाजवळ जाऊन पडतो. हे निदान लगेच कळतं. माझ्यासारखी चार किलोमीटरची चूक कळत नाही, ती जास्त घातक.

क्यूजीआयएसमध्ये नकाशा बनवणं

नुसतं पाहायचं नसेल आणि नकाशा छापायचा असेल, यादी जोडायची असेल, तर क्यूजीआयएस घ्या. हेही फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. जीपीएक्स फाईल ओढून सरळ त्याच्या खिडकीत सोडा. वेपॉइंट, ट्रॅक, रूट असे पर्याय येतील. पॉइंटसाठी वेपॉइंट आणि चाललेल्या रेषेसाठी ट्रॅक निवडा.

आलेला थर अंशांमध्ये असतो. मीटरमध्ये मोजायचं असेल तर थरावर राईट क्लिक करून एक्स्पोर्ट करा, नवीन प्रणालीत ‘ईपीएसजी ३२६४३’ निवडा. हा यूटीएमचा झोन ४३ उत्तर, ७२ ते ७८ रेखांशांसाठीचा, आणि आपला पूर्ण जिल्हा त्यात बसतो. फाईलचा प्रकार जिओपॅकेज ठेवा, म्हणजे मराठी नावं नीट राहतात. शेपफाईलमध्ये मराठीचे चौकोन होण्याची तक्रार बऱ्याचदा येते.

वहीतली माहिती एक्सेलमध्ये टाकून, सीएसव्ही करून जोडणार असाल तर एक लक्षात ठेवा. क्यूजीआयएस एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश मागतं. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, म्हणून इथं हमखास घोळ होतो.

चालता चालता लॅपटॉपवर आपली जागा पाहायची असेल तर व्ह्यू मेनूतल्या पॅनल्समध्ये जीपीएस इन्फॉर्मेशन उघडा, कॉम पोर्ट निवडा आणि कनेक्ट करा. त्यासाठी यंत्र एनएमईए किंवा स्पॅनरमध्ये पाहिजे. गाडीत बसून रस्त्यांची पाहणी करताना हे कामाला येतं.

क्षेत्रफळ किती खरं?

शेताच्या कडेनं चालून ट्रॅक घेतला आणि क्यूजीआयएसमध्ये रेषेचा पॉलिगॉन केला की क्षेत्र मिळतं. चौरस मीटरचं गुंठ्यात करायला १०१.१७ नं भागा. ४० गुंठे म्हणजे एक एकर, १०० चौरस मीटर म्हणजे सातबाऱ्यावरचा एक आर.

आता चूक किती होऊ शकते ते पाहा. एक एकराचं चौकोनी रान घेतलं तर त्याची बाजू ६३.६ मीटर येते. यंत्र चारही बाजूंना तीन मीटर बाहेर गेलं तर बाजू ६९.६ मीटर होते आणि क्षेत्र जवळजवळ ४८ गुंठे दिसतं. तीन मीटर आत आलं तर ३३ गुंठ्यांच्या आसपास. चालताना चुका सगळ्या एकाच बाजूला पडत नाहीत, त्यामुळं प्रत्यक्षात फरक कमी येतो. पण वाईटात वाईट काय होऊ शकतं ते माहीत असावं. हीच चूक दहा एकरांच्या चौकोनाला फक्त सहा टक्क्यांच्या आसपास पडते. म्हणजे रान जेवढं लहान आणि चिंचोळं, तेवढा भरवसा कमी. पाझर तलावाचं पाणक्षेत्र किंवा गावाच्या कुरणाचं क्षेत्र मोजायला यंत्र चांगलं. दोन भावांच्या वाटणीतली पाच गुंठ्यांची पट्टी मोजायला अजिबात नाही.

बांधाचं भांडण आणि वनहक्काचा दावा

हे दोन विषय मुद्दाम एकत्र घेतले, कारण दोन्हीकडं लोक या यंत्राकडं कोर्टाच्या निकालासारखं पाहतात.

बांधाची हद्द ठरवण्याचा अधिकार भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीला आहे. तालुक्याच्या उपअधीक्षक कार्यालयात ई-मोजणीतून अर्ज करा. त्यांच्याकडचं रोव्हर यंत्रही उपग्रहावरच चालतं, पण ते सर्वे ऑफ इंडियाच्या कायम केंद्रांकडून दुरुस्ती घेतं. अशी ७७ केंद्रं राज्यात आहेत. त्यामुळं रोव्हर सेंटिमीटरमध्ये जागा दाखवतं. आपल्या हातातलं यंत्र मीटरमध्ये चुकतं. बांध स्वतः मीटर-दीड मीटरचा असतो. यंत्र घेऊन बांधावर उभं राहून ‘बघ, तू माझ्यात आलायस’ म्हणणं म्हणजे वजनकाट्यावर सोनं मोजण्यासारखं आहे. अशानं नात्यात फूट पडते आणि निकालही लागत नाही.

वनहक्काचं वेगळं आहे. २००६ च्या कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा पाहिजे आणि प्रत्यक्ष कसत असलेलं क्षेत्र जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत मिळतं. अकोल्यासारख्या डोंगरी भागात ताब्यातली जमीन सरळ चौकोनी नसते. उताराची, तुकड्यातुकड्यांची असते. तिथं वनहक्क समितीसमोर, शेजारच्या कसणाऱ्यांना सोबत घेऊन, यंत्र हातात धरून कडेनं चाललेला ट्रॅक दाव्याला मोठा आधार देतो. कायद्याच्या नियमांत उपग्रहाचा फोटो किंवा इतर तंत्रज्ञान हे पुराव्याला पूरक धरलेलं आहे, बाकी पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही. म्हणजे नकाशात शेत दिसत नाही एवढ्यावरून दावा फेटाळणं जसं बरोबर नाही, तसंच नुसता ट्रॅक जोडून वयस्कर माणसांचे जबाब सोडून देणंही बरोबर नाही.

इथं माझी चार किलोमीटरची चूक झाली असती तर? एखाद्या कुटुंबाचा प्लॉट भलत्याच ठिकाणी दिसला असता आणि दुरुस्तीसाठी त्यांना किती हेलपाटे पडले असते कोण जाणे. म्हणून वनहक्काच्या मोजणीत आकडे हातानं टाईप करूच नका. यंत्रातली मूळ जीपीएक्स फाईल उतरवा आणि तीच वापरा.

फाईल जपून ठेवा

मूळ फाईलला कधीही हात लावू नका. तिची एक प्रत करा आणि प्रतीवर काम करा. फोल्डरला गावाचं नाव आणि तारीख द्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या माणसाकडं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नकाशाचा स्क्रीनशॉट ही नोंद नव्हे, त्यात पॉइंटचा आकडा उरत नाही. ग्रामसभेत नकाशा दाखवणार असाल तर तो छापून न्या आणि कुठलं यंत्र, कुठली तारीख, अचूकतेचा आकडा किती, हे खाली एका ओळीत लिहा.

शेवटी एवढंच. पहिल्यांदा करणाऱ्यानं थेट अख्खा शिवार घेऊ नये. आपल्याच विहिरीचा एक पॉइंट घ्यावा, लॅपटॉपवर आणावा, गुगल अर्थवर पाहावा. टिकली विहिरीवर बसली तर पुढच्या कामाला लागा. नाही बसली तर वर सांगितलेल्या सेटिंग पुन्हा एकदा पाहा. एका विहिरीवर सापडलेली चूक पन्नास बंधाऱ्यांवर होत नाही.